‘सिंधुदुर्ग’ पडद्यावर हलतो तेव्हा: मजकुराचे आकार करताना मराठी अक्षराचं काय होतं

दशावतारी मंडळाच्या नव्या नाटकाची जाहिरात, देवगडच्या बागायतदाराचं आंब्याचं रील, तारकर्लीतल्या होमस्टेचा छोटा व्हिडिओ, गावच्या जत्रेचं आमंत्रण. कोकणात आज गावोगावी कुणी ना कुणी अशी कामं घरच्या संगणकावर करून देतं. या सगळ्यांत सुरुवातीला नाव येतं, आणि ते नुसतं उमटून भागत नाही. ते उलगडत यावं, झुलावं, त्यातल्या एखाद्या अक्षराचं काहीतरी व्हावं, अशी गिऱ्हाइकाची इच्छा असते. इच्छा अगदी रास्त आहे. अडचण अशी, की हे शिकवणारे बहुतेक धडे रोमन अक्षरं समोर ठेवून केलेले असतात. त्यातली कृती जशीच्या तशी मराठी नावावर केली की वेलांटी एका बाजूला जाते, अनुस्वार मागे राहतो आणि शिरोरेषेवर फटी दिसायला लागतात.

एका मंडळाच्या मालकांनी तयार टेम्प्लेटमध्ये नाव घालून केलेला असाच एक व्हिडिओ मोबाइलवर पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, “बाबू, ‘दुर्ग’वरचो रफार खंय गेलो?” रफार हरवला नव्हता. तो वेगळा तुकडा झाला होता आणि ग च्या आधीच उडून गेला होता. असं का होतं हे समजलं की ते टाळता येतं. अशा हालचालींसाठी टाइप केलेल्या मजकुराचे आकार, म्हणजे सुट्या रेखाकृती, करतात. तसं करताना नेमकं काय होतं, ते आधी पाहू.

संगणक काय साठवतो

तुम्ही ‘सिंधुदुर्ग’ टाइप करता तेव्हा फाइलमध्ये अक्षरांची चित्रं साठत नाहीत, क्रमांक साठतात. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरीसाठी १२८ जागांचा एक मुख्य पट्टा राखलेला आहे. त्यात स ला एक क्रमांक, वेलांटीला एक, अनुस्वाराला एक, असं ठरलेलं आहे. ‘सिंधुदुर्ग’मध्ये असे दहा क्रमांक असतात: स, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, र, पाय मोडण्याची खूण आणि ग. क्रम उच्चाराचा असतो. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना स च्या आधी दिसते, पण फाइलमध्ये ती स च्या नंतर असते. रफार ग च्या डोक्यावर दिसतो, पण फाइलमध्ये तो ‘पाय मोडलेला र’ म्हणून ग च्या आधी बसलेला असतो.

हे क्रमांक अक्षरं होऊन पडद्यावर यायचे तर मध्ये दोन कामं व्हावी लागतात. पहिलं काम जुळणीचं. त्याचे काही नियम फॉन्टच्या फाइलमधल्या सारण्यांत असतात, काही जुळणी करणाऱ्या प्रोग्राममध्ये: व्यंजनाच्या आधी पाय मोडलेला र आला तर त्या दोघांच्या जागी रफाराचा आकार घ्या आणि तो अक्षराच्या शेवटी वर बसवा, ऱ्हस्व वेलांटी आली तर ती व्यंजनाच्या डावीकडे न्या, क, मोडलेला पाय आणि ष एकत्र आले तर क्ष चा तयार आकार घ्या. हे नियम अंमलात आणणारा हा प्रोग्राम वेगळा असतो. हार्फबझ हा त्यातला मुक्त आणि फार मोठ्या प्रमाणात वापरला जाणारा; क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये तोच आहे. त्यामुळे ब्राउझरमध्ये मराठी नीट दिसतं आणि एखाद्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये तोच शब्द फुटतो, तेव्हा दोष बहुधा फॉन्टचा नसतो. त्या सॉफ्टवेअरमधली जुळणी कच्ची असते किंवा बंद असते.

दुसरं काम रेखाटनाचं. जुळणी झाल्यावर जे आकार निवडले गेले, त्यातल्या एकेकाला ग्लिफ म्हणतात. ग्लिफ म्हणजे फॉन्टमधला एक सुटा आकार: अख्खं अक्षर असेल, नुसता उकार असेल, नाहीतर जोडाक्षर असेल. प्रत्येक ग्लिफ रेषांनी बांधलेला असतो आणि या रेषा काही बिंदूंमधून जातात. दोन बिंदूंमधली रेष सरळ असेल तर प्रश्नच नाही. वळणदार असेल तर तिचं वळण ठरवायला आणखी एकदोन बिंदू लागतात. ते रेषेवर नसतात, पण रेषेला आपल्याकडे ओढतात.

जहाजबांधणीत पूर्वी बाक आखताना लवचिक लाकडी पट्टी वापरत. पट्टी ठरावीक ठिकाणी वजनांनी दाबून धरायची, म्हणजे मधला बाक आपोआप गोलाईदार यायचा. फॉन्टमधलं वळण समजायला ही पट्टी डोळ्यांसमोर ठेवली तरी पुरे. गणितात याला बेझिए वक्र म्हणतात. पिएर बेझिए हे फ्रान्समधल्या रेनो कंपनीतले अभियंते. मोटारींच्या पत्र्याचे बाक संगणकाला सांगता यावेत म्हणून त्यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. सित्रोएनमधल्या पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्येच ती शोधली होती, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. मोटारीच्या बॉनेटसाठी बसवलेलं गणित आज आपल्या वेलांटीचं वळण सांभाळतं, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

फॉन्टांमध्ये या वक्रांचे दोन प्रकार चालतात. ट्रूटाइप फॉन्टात दोन टोकांमध्ये ओढणारा बिंदू एकच असतो. पोस्टस्क्रिप्ट घराण्यातल्या फॉन्टात दोन असतात. दुसऱ्या प्रकारात तेच वळण कमी बिंदूंत बसतं. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

तर आता ‘मजकुराचे आकार करणं’ म्हणजे काय? जुळणी झालेले ग्लिफ घ्यायचे, त्यांच्या रेषा आणि बिंदू फॉन्टमधून बाहेर उचलायचे आणि ते स्वतंत्र रेखाकृती म्हणून लेअरवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या थरांपैकी एकावर, ठेवायचे. क्रमांक गेले, नियम गेले, फॉन्टशी असलेलं नातं तुटलं. उरले ते फक्त बिंदू आणि वक्र. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये या आज्ञेचं नाव ‘क्रिएट शेप्स फ्रॉम टेक्स्ट’, रेखाकृतींच्या इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’, तसल्याच इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’. त्रिमितीच्या ब्लेंडरमध्ये मजकूर ‘कन्व्हर्ट’ करून कर्व्ह (वक्र) किंवा मेश (जाळीचा पृष्ठभाग) करता येतो. नावं वेगळी, काम तेच.

गरज आहे का, ते आधी ठरवा

पुष्कळ जण आकार करून घेतात ते अक्षर ‘शार्प’ दिसावं म्हणून. त्यासाठी याची काहीच गरज नाही. फॉन्टमधलं अक्षर आधीपासूनच वक्रांनी बनलेलं असतं. आफ्टर इफेक्ट्समध्ये टेक्स्ट लेअर कितीही मोठा केला तरी फाटत नाही. शब्द पुसट करायचा, वरून खाली आणायचा, फिरवायचा, शब्दागणिक आत आणायचा, तर टेक्स्ट लेअरवरच करा. पुढे नाव बदललं तर नुसतं टाइप करून भागेल.

आकार करायला हवेत ते अक्षराच्या आतल्या एखाद्या भागाला हात घालायचा असेल तेव्हा: ‘आंबा’वरचा अनुस्वार फुगून त्याचा आंबा व्हावा, ‘मालवण’मधल्या ण चा दांडा लांबून त्याची डोलकाठी व्हावी, शिरोरेषा आधी ओढली जावी आणि मग अक्षरं तिला लटकावीत. किंवा फाइल दुसऱ्याकडे जायची असेल आणि त्याच्याकडे तो फॉन्ट नसेल, तेव्हा. वेबसाइटवरच्या हलत्या चित्रांसाठी लॉटी फाइल करतानाही, आफ्टर इफेक्ट्सला जोडायच्या बॉडीमूव्हिन या प्रोग्राममध्ये ‘ग्लिफ्स’ हा पर्याय असतो. तो अक्षरांचे आकार फाइलमध्येच भरून देतो.

रूपांतर करायच्या आधी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात, कारण नंतर त्या सुधारणं कटकटीचं होतं. पहिली, शुद्धलेखन. गिऱ्हाइकाकडून नाव लेखी घ्या आणि ऱ्हस्व-दीर्घ त्यांनाच मोठ्याने वाचायला लावा. एकदा ‘सिंधू’ झाला की तो उकार फॉन्टमधला उकार राहत नाही, ती एक रेखाकृती होते.

दुसरी, जुळणी. आफ्टर इफेक्ट्सच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप या विभागात साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न मजकुरासाठी सोय असते. आवृत्तीप्रमाणे तिची जागा आणि नाव थोडं बदलतं. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधून इंडिक पर्याय दिसते करावे लागतात आणि परिच्छेदाला मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोजर द्यावा लागतो. जुळणी नीट झाली की नाही हे तपासायला मी एकच ओळ वापरतो: ‘दर्या, दऱ्या, क्षेत्र, सिंधुदुर्ग, वेंगुर्ला’. पहिल्या शब्दात रफार, दुसऱ्यात चंद्रकोरीसारखा अर्धा ऱ, आणि ‘वेंगुर्ला’त रफार ल वर न बसता पुढच्या कान्यावर बसायला हवा. ही ओळ बरोबर दिसली तर बाकीचं मराठी सहसा बिघडत नाही. जिथे दिसत नाही, तिथे त्या सॉफ्टवेअरशी झगडत बसू नये. इंकस्केप फुकट आहे आणि त्यात देवनागरीची जुळणी चांगली होते. तिथे शब्द लिहून आकार करा आणि एसव्हीजी फाइल पुढे न्या.

तिसरी गोष्ट ल आणि श. मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श लिहितात. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं आहेत. बरेच युनिकोड फॉन्ट मुळात हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात. त्यांतल्या काहींत मराठी रूपं आत असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत आणि ते सांगायची सोय सगळीकडे नसते. इथे आकार करण्याचा एक फायदा होतो. रूपांतर झाल्यावर ल ची रेखाकृती काढून टाकता येते आणि जिथे मराठी ल मिळतो तिथून आणून त्या जागी बसवता येते. जाडी आणि शिरोरेषेची उंची तेवढी जुळवून घ्यायची. ‘मालवण’, ‘वेंगुर्ला’, ‘आचरा हिर्लेवाडी’ अशा नावांत हा ल ठसठशीत दिसतो, म्हणून एवढी मेहनत घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

दहा क्रमांक, नऊ तुकडे, चार अक्षरं

आता रूपांतर करा आणि लेअर उघडून पाहा. आफ्टर इफेक्ट्स मूळ टेक्स्ट लेअर तसाच ठेवून त्याचा डोळा बंद करतं आणि वर एक नवा शेप लेअर देतं. त्यात गट असतात, गटांत पाथ, म्हणजे बिंदूंमधून जाणाऱ्या रेषा, असतात. ज्या अक्षरांना पोकळी आहे, तिथे बाहेरचा पाथ आणि आतला पाथ वेगळे असतात आणि ‘मर्ज पाथ्स’ने जोडलेले असतात.

‘सिंधुदुर्ग’ लिहिताना दहा क्रमांक होते. सगळ्या मात्रा सुट्या ठेवणारा फॉन्ट असेल तर ग्लिफ होतात नऊ: वेलांटी, स, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, ग, रफार. काही फॉन्टांत ‘दु’ एकाच ग्लिफात असतो, काहींत वेलांटी आणि अनुस्वार जोडलेले असतात, त्यामुळे आकडा बदलतो. पण वाचणाऱ्याच्या मनात अक्षरं चारच आहेत: सिं, धु, दु, र्ग. सगळा घोळ नऊ आणि चार या दोन आकड्यांमधल्या फरकाचा आहे. ‘एकेक अक्षर आत आणा’ असं सांगितलं की सॉफ्टवेअर एकेक ग्लिफ आत आणतं. मग आधी नुसती वेलांटी येते, मागून स येतो, रफार एकटाच तरंगतो. रोमनमध्ये एक ग्लिफ म्हणजे एक अक्षर हे बहुतेक वेळा खरं असतं, म्हणून त्या धड्यांत हा प्रश्नच येत नाही.

उपाय कष्टाचा नाही, पण हाताने करायचा आहे. नऊ तुकड्यांचे चार गट बांधायचे. वेलांटी, स आणि अनुस्वार एका गटात. ध आणि त्याचा उकार दुसऱ्यात. द आणि उकार तिसऱ्यात. ग आणि रफार चौथ्यात. गटांना ‘सिं’, ‘धु’, ‘दु’, ‘र्ग’ अशी नावं द्या. कीफ्रेम, म्हणजे कुठल्या क्षणी काय कुठे असावं याच्या खुणा, या चार गटांवर द्यायच्या, आतल्या तुकड्यांवर नाहीत. आतला तुकडा वेगळा हलवायचाच असेल, म्हणजे अनुस्वार टपकन वरून पडावा असं वाटत असेल, तर तो हलतो गटाच्या आत, आणि अक्षर त्याला बरोबर घेऊन फिरतं.

गट बांधला की त्याचा अँकर पॉइंट, म्हणजे ज्या बिंदूभोवती तो फिरतो आणि वाढतो तो बिंदू, हलवा. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, म्हणून तिकडे अँकर तळाशी ठेवतात. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात. अक्षर वाढवायचं, झुलवायचं, ताणायचं तर धरायची जागा शिरोरेषेच्या मधोमध. अँकर तळाशी ठेवून ‘धु’ थोडा मोठा केला की त्याची शिरोरेषा शेजारच्यापेक्षा वर जाते आणि शब्द तुटल्यासारखा दिसतो. अँकर शिरोरेषेवर असेल तर अक्षर खालच्या अंगाने वाढतं आणि रेघ जागच्या जागी राहते. मला वाटतं, मराठी शीर्षक चांगलं हलतंय की कसंतरी, हे निम्मं या एका गोष्टीवर ठरतं.

शिरोरेषेचे सांधे

आता झूम करून शिरोरेषा पाहा. आठशे टक्क्यांवर न्या. दोन अक्षरं जिथे भेटतात तिथे एकाची रेघ दुसऱ्याच्या रेघेत किंचित शिरलेली दिसेल. फॉन्ट करणारे हे मुद्दाम करतात. रेघा अगदी टोकाला टोक लावून ठेवल्या तर पडद्यावर मध्ये केसाएवढी फट दिसू शकते, म्हणून त्या एकमेकींवर थोड्या चढवतात. मजकूर म्हणून एका रंगात छापलं तर हे कुणाला कळत नाही. आकार केल्यावर मात्र तो सांधा उघडा पडतो.

तो कधी दिसतो? भरण्याचा रंग अर्धपारदर्शक केला की चढलेल्या भागात रंग दुप्पट होतो आणि शिरोरेषेवर गडद चौकटी दिसतात. अक्षरांना बाहेरून किनार दिली की प्रत्येक तुकड्याची किनार शेजारच्या तुकड्यावर उमटते आणि शिरोरेषेत उभ्या चिरा पडतात. त्रिमितीत जाडी दिली तर दोन पृष्ठभाग एकाच पातळीत येतात आणि कॅमेरा फिरताना सांध्याचा भाग लुकलुकतो.

पारदर्शकतेसाठी सोपा मार्ग आहे: रंगाची ओपॅसिटी (अपारदर्शकता) पूर्ण ठेवून लेअरची कमी करा. लेअर आधी पूर्ण रंगतो आणि मग एकगठ्ठा पुसट होतो, म्हणून सांधा दिसत नाही. किनार हवी असेल आणि शब्द एकसंध राहणार असेल, तर ती लेअर स्टाइलमधून द्या. ती लेअरच्या एकूण बाह्याकृतीवर चालते. त्रिमितीसाठी मात्र तुकडे खरोखर एक करावे लागतात. इंकस्केपमध्ये ‘युनियन’, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं ‘युनाइट’, आफ्टर इफेक्ट्समध्ये ‘मर्ज पाथ्स’चा ‘ॲड’ हा प्रकार. पण एक लक्षात ठेवा: सगळा शब्द एक केला की अक्षरं वेगळी हलवता येणार नाहीत. आधी ठरवा काय हलणार आहे, आणि त्याप्रमाणे अक्षरागणिक जोडा किंवा शब्दागणिक.

काही जण याच्या पुढे जाऊन सगळ्या अक्षरांच्या शिरोरेषा कापून टाकतात आणि त्यांच्या जागी एक लांब आयत ठेवतात, म्हणजे ती एकच रेघ डावीकडून उजवीकडे ओढता येते. कल्पना सुरेख आहे, पण ध आणि भ कडे लक्ष हवं. या दोन अक्षरांच्या डाव्या भागावर शिरोरेषा नसते. ‘सिंधुदुर्ग’वर सलग रेघ ओढली तर ध झाकला जाऊन घ कडे झुकतो, ‘भराडी’वर ओढली तर भ चा म वाटायला लागतो. म्हणून आयत दोन तुकड्यांत घ्या, किंवा ध च्या जागी त्यातून मोकळी जागा कापा.

भरतानाही एक गंमत होते. पोकळी कुठे ठेवायची हे सॉफ्टवेअर दोन नियमांनी ठरवतं. एक नियम पाथ कुठल्या दिशेने फिरतो ते पाहतो: बाहेरचा पाथ एका दिशेने, आतला उलट्या, म्हणजे मधली जागा पोकळ. दुसरा नियम दिशा पाहतच नाही. एकावर एक किती थर आले ते मोजतो आणि सम आकडा आला की ती जागा पोकळ सोडतो. जिथे तुकडे एकमेकांवर चढले आहेत तिथे दोन थर होतात, आणि या दुसऱ्या नियमाने सांध्यावर भोक पडतं. रूपांतरानंतर अक्षरात अचानक पांढरे ठिपके दिसले तर आफ्टर इफेक्ट्सच्या ‘फिल रूल’मध्ये ‘इव्हन ऑड’ आहे का ते पाहा आणि ‘नॉन-झिरो वाइंडिंग’ करा. ध ची खरी पोकळी भरून गेली, तर नेमकं उलटं झालेलं असतं.

अनुस्वाराचा आंबा

आकार केल्याचा खरा आनंद इथे आहे. ‘आंबा’वरच्या ठिपक्याचा हापूस करायचा आहे असं धरा. ठिपक्याच्या पाथवर एक कीफ्रेम द्या. पुढे एका सेकंदाने, म्हणजे सेकंदाला पंचवीस फ्रेमचा व्हिडिओ असेल तर पंचवीस फ्रेमनंतर, दुसरी कीफ्रेम द्या आणि तिथे तोच पाथ ओढून आंब्याचा आकार करा: देठाकडे रुंद खांदे, एका बाजूला किंचित फुगवटा, खाली निमुळतं टोक. मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर भरतं. प्रत्येक बिंदू आपल्या जुन्या जागेवरून नव्या जागेकडे चालत जातो.

बिंदूंच्या संख्येचा प्रश्न इथे येतो. पोस्टस्क्रिप्ट पद्धतीच्या फॉन्टात गोल ठिपका चार बिंदूंत बसतो आणि चार बिंदूंचा आंबा करणं सुखाचं असतं. ट्रूटाइपमध्ये त्याच ठिपक्याला जास्त बिंदू लागतात. ते सगळे सांभाळण्यापेक्षा तो ठिपका पुसा आणि त्याच जागी, त्याच मापाचा, चार बिंदूंचा साधा गोल ठेवा. आंबा वेगळा काढून त्याचा पाथ दुसऱ्या कीफ्रेमवर चिकटवणार असाल, तर दोन्ही आकारांचा पहिला बिंदू एकाच बाजूला असायला हवा, समजा वर देठाशी. तो एकाचा वर आणि दुसऱ्याचा खाली असेल, तर आकार बदलताना पीळ पडतो, कारण वरचा बिंदू खाली जायला निघतो. ‘सेट फर्स्ट व्हर्टेक्स’ या आज्ञेने पहिला बिंदू बदलता येतो. पाथची दिशाही दोन्हीकडे सारखी हवी.

हाताने लिहिल्यासारखं

नाव लेखणीने लिहिलं जातंय असं दाखवायला पुष्कळ जण आकारांवर ‘ट्रिम पाथ्स’, म्हणजे रेघ हळूहळू उमटवणारा परिणाम, लावतात आणि निराश होतात. कारण सरळ आहे. फॉन्टमधल्या अक्षराचा पाथ कडेकडेने फिरतो. लेखणी मधून चालते. कडेवर ट्रिम लावलं की अक्षराची बाह्यरेषा काढली जाते, अक्षर लिहिलं जात नाही. लिहिल्याचा भास हवा असेल तर पेन टूलने अक्षराच्या मधोमध स्वतः एक रेघ काढायची, तिला अक्षर पूर्ण झाकेल एवढी जाडी द्यायची, ट्रिम त्या रेघेवर लावायचं आणि ती रेघ मूळ अक्षराची मॅट, म्हणजे अक्षराचा कुठला भाग दिसावा हे ठरवणारा आकार, म्हणून वापरायची. रेघ पुढे सरकते तसतसं खालचं अक्षर उघडत जातं.

रेघांचा क्रम आपल्या हाताचा ठेवा. शाळेत आपण आधी अक्षरं लिहितो, वेलांट्या-उकार देतो आणि शिरोरेषा शेवटी ओढतो. पडद्यावर तोच क्रम ठेवला की पाहणाऱ्याला ते पटकन ओळखीचं वाटतं. शिरोरेषा आधी आणि अक्षरं नंतर हाही एक चांगला परिणाम आहे, पण तो लेखनाचा भास देत नाही.

जाड फॉन्टात हे काम अवघड जातं. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेला ‘मोदक’ हा फॉन्ट गणपतीच्या शीर्षकांना फार शोभतो, पण त्यात पोकळ्या जवळजवळ बुजलेल्या आहेत आणि एका वळणाची मॅट शेजारच्या वळणाला उघडं करते. तिथे ‘लिहिणं’ सोडून अक्षरं फुगत आणावीत. लिहिण्यासाठी सारख्या जाडीचा, मोकळा फॉन्ट घ्या; ‘एक टाइप’चाच ‘मुक्ता’ चालतो. हे दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली मोफत आहेत, त्यामुळे धंद्याच्या कामात वापरायलाही हरकत नाही. श्रीलिपी किंवा शिवाजीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट डीटीपीवाल्यांकडे अजून आहेत. त्यांतले काही सुंदर आहेत, आणि आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असल्यामुळे ते जुळणी न जाणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही नीट दिसतात. पण त्यांत अक्षरं आणखी बारीक तुकड्यांनी बांधलेली असतात. अर्धं अक्षर एक तुकडा, दांडा दुसरा. रूपांतरानंतर गट बांधायचं काम त्या प्रमाणात वाढतं.

फाइल देताना बंद केलेला टेक्स्ट लेअर पुसू नका. त्याला ‘मूळ मजकूर’ असं नाव द्या, फॉन्टचं नावही तिथेच लिहा आणि तो शेप लेअरच्या खाली ठेवा. पुढच्या हंगामात मंडळाचं नाव तेच आणि नाटक नवं असेल, तर फक्त नाटकाच्या नावाचे आकार पुन्हा करावे लागतील. मंडळाच्या नावाचे बांधलेले गट आणि त्यांच्या कीफ्रेम तशाच उचलता येतात.